माळ्यावरची जुनी गोणी

बाथरूमच्या कामातून उरलेली टाइल अॅडेसिव्हची अर्धी गोणी अनेक घरांत माळ्यावर पडून असते. दोन वर्षांनी ओट्यामागे टाइल लावायच्या ठरल्या की ती खाली उतरते. भुकटी वरून ठीक दिसते.

या भुकटीत सिमेंट, बारीक वाळू आणि पॉलिमर असते. दमट हवा लागली की सिमेंटचे कण गोणीतच थोडेथोडे जमू लागतात. मग पाणी घातल्यावर पकड धरायला ताकद उरत नाही. बंद गोणीची मुदत साधारण ६ ते १२ महिने, तीही कोरड्या जागी. कोकणच्या पावसाळ्यात उघडी गोणी त्याआधीच वाया जाते.

गुठळी चिमटीत सहज चुरली तर ती नुसत्या दाबाने झालेली असू शकते. खड्यासारखी टणक लागली तर सिमेंट जमले. असे खडे चाळून उरलेली भुकटी वापरणे धोक्याचेच, कारण तिलाही तीच ओल लागलेली असते.

व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम ०.५ टक्के पाणी शोषते, म्हणून तिची मदार पॉलिमरवर. कमजोर मालावर ती सुरुवातीला घट्ट वाटते. पुढे नाण्याने ठोकली की पोकळ वाजते आणि एखादी सुटून थेट शेगडीवर येऊ शकते. नवी गोणी घेताना उत्पादनाची तारीख आणि आयएस १५४७७ हा मानक क्रमांक दुकानातच पाहावा.