जास्त शिकलेली, म्हणून नको?

चिंचवडमधील एका स्नेह्यांच्या औषधाच्या दुकानात संध्याकाळी थोडा वेळ बसण्याचा माझा जुना परिपाठ आहे. काही महिन्यांपूर्वी तेथे एक तरुणी नोकरीची चौकशी करीत आली. दुकानाबाहेर ‘फार्मासिस्ट पाहिजे’ अशी पाटी लावलेली होती. स्नेह्यांनी तिचा बायोडाटा वाचला आणि आदराने परत केला. “ताई, तुम्ही एम.फार्म. झालेल्या. आमच्याकडे तुम्ही टिकणार नाही. आम्हाला साधा डी.फार्म. पुरे.” ती निघाली, पण पायरीवर थबकून मला म्हणाली, “काका, हे तिसरे दुकान. पुढच्या ठिकाणी एम.फार्म. लिहूच नये का?”

माझ्यापाशी त्या क्षणी उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

प्रथम दुकानदाराची बाजू पाहू, कारण ती खोटी नाही. डी.फार्म. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, बी.फार्म. चार वर्षांचा, आणि त्यापुढे एम.फार्म. आणखी दोन वर्षांचा. सहा वर्षे शिकलेल्या व्यक्तीला दुकानाचा पगार तोकडा वाटणारच. कंपनीत जागा मिळताच ती जाणार. पात्र फार्मासिस्ट बदलला की परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास महिन्याच्या आत कळवावे लागते. नवा माणूस मिळेपर्यंत दुकानाची घडी विस्कटते ती वेगळीच.

मात्र कायद्याच्या दृष्टीने हा भेद नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावयाचे असते. पदविकाधारक असो वा पदवीधर, राज्य फार्मसी कौन्सिलच्या नोंदवहीत दोघांचे स्थान एकच आहे. ‘जास्त शिक्षण’ हा शेरा कायद्याचा नसून आपल्या मनातील भीतीचा आहे.

आपल्या परिसरात या प्रश्नाला एक विलक्षण पार्श्वभूमी आहे. पिंपरी मोटारींमुळे नावारूपास येण्यापूर्वी ती औषधांमुळे देशाला ठाऊक झाली. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने भारत सरकारने येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन केला आणि पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. पुढे तो कारखाना आजारी पडला. चाकणचा पट्टा वाढला तो मुख्यतः वाहने आणि त्यांच्या सुट्या भागांवर. औषधनिर्माण शिकलेल्या मुलामुलींनी घराजवळ काम शोधावे, तर अखेर औषधाचे दुकानच उरते.

न्यायालयांसमोरही हा प्रश्न आला आहे. नागपूरच्या जिल्हा न्यायालयातील शिपाई भरतीत अधिक शिकलेल्यांना वगळण्यात आले होते. सन २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की केवळ शिक्षण जास्त आहे म्हणून उमेदवाराचा विचारच न करणे तर्कसंगत नव्हे. मात्र हा सर्वत्र लागू होणारा नियम नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. २०२० मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई भरतीचे प्रकरण आले. जाहिरातीत ‘उमेदवार पदवीधर नसावा’ अशी अट होती. एकाने आपली पदवी लपवून नोकरी मिळविली. न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली, आणि माहिती दडविणे हे त्याचे एक मुख्य कारण ठरले. बिहारमध्ये सरकारी फार्मासिस्टसाठी डी.फार्म. आवश्यक ठरविणारा नियम पाटणा उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कायम ठेवला. तेथे केवळ बी.फार्म. वा एम.फार्म. पुरेसे मानले गेले नाही.

हे निकाल सरकारी व बँकेच्या भरतीचे आहेत. खासगी दुकानाला ते जसेच्या तसे लागू नाहीत. तरीही त्यांतून दोन गोष्टी घेता येतात. मालकाने शिक्षणाला दोष मानू नये, आणि उमेदवाराने ते लपवू नये.

आता थोडे परखड लिहितो. समाजबांधवांनी राग मानू नये. आपल्यापैकी अनेक कुटुंबे या व्यवसायात आहेत. ‘जास्त शिकलेला नको’ म्हणताना कधी कधी खरी इच्छा निराळीच असते: प्रमाणपत्र भिंतीवर असावे आणि काउंटरवर कमी पगाराचा मुलगा उभा राहावा. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन, हाही एक आहे. भाड्याचे प्रमाणपत्र यातच मोडते. ज्या परंपरेने औषधदानाला चार दानांत स्थान दिले, तिच्या अनुयायांच्या दुकानात औषध अज्ञानाने दिले जाऊ नये.

ज्ञानाची गरज किती आहे, हे चाकणमध्ये पाळी सुटण्याच्या वेळी पाहावे. दिवसभर उभा राहिलेला कंत्राटी कामगार डॉक्टरकडे न जाता थेट दुकानात येतो आणि अंगदुखीची गोळी मागतो. सकाळी त्याने दुसऱ्या नावाची तशीच गोळी घेतलेली असते. दोन वेदनाशामके एकत्र पोटात गेली तर जठराला व मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो. “आधी काय घेतले?” हे विचारणारा माणूस काउंटरवर हवा.

व्यवहाराचा मार्गही आहे. उमेदवाराला सरळ विचारावे, “किती काळ राहाल?” वर्षभराची मुदत आणि सोडण्यापूर्वी दोन महिन्यांची सूचना लेखी ठरवावी. पगार आधी सांगावा, नकार तिला देऊ द्यावा. जबाबदारी शिक्षणाला साजेशी द्यावी: खरेदी, मुदत संपत आलेला माल, आणि २०१४ पासून लागू असलेल्या ‘एच-१’ अनुसूचीतील औषधांची तीन वर्षे जपावयाची नोंदवही. बँकेत कर्ज देताना आम्ही माणूस किती मोठा हे पाहत नसू. परतफेड कशी होईल ते विचारीत असू. येथेही प्रश्न तोच ठेवावा.

त्या मुलीला आता माझे उत्तर आहे. बेटा, एम.फार्म. पुसू नकोस. त्याखाली एक ओळ अधिक लिही: हे काम मला का हवे आहे आणि निदान किती काळ मी ते करीन. ती ओळ खरी असू दे. आणि पाटी लावणाऱ्या माझ्या बांधवांनो, ती ओळ वाचल्याशिवाय कागद परत करू नका.