उष्णता गोळा करते तेव्हां

वैशाखांत रत्नागिरीकडील घराघरांतून साखरांब्याचा पाक चुलीवर चढतो. पाकाला उकळी आली, कीं त्यावर दुधाचा हबका मारावयाचा आणि वर आलेली मळी झाऱ्यानें काढून टाकावयाची, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. अशा वेळीं घरांतील जाणती बाई सुनेला हटकून सांगते, "अगं, पातेलें जरा एका अंगास सरकव, जाळ एकाच बाजूला लागूं दे." तसें केलें म्हणजे जाळाच्या बाजूस पाक खदखदून वर येतो, वरच्यावर निवत्या बाजूकडे वाहतो आणि पसरलेली मळी त्या कडेला आपोआप गोळा होते. आधुनिक पदार्थविज्ञानांतील एका नाजूक विद्येचें बीज या साध्या कृतींत आहे, असें म्हटलें तर ती अतिशयोक्ति होणार नाहीं.

उष्णतेचा धर्म पसरण्याचा, असें आपण शाळेंत शिकतों. मग तीच उष्णता पदार्थांना एकत्र कशी आणते? याचें उत्तर प्रवाहांत आहे. तापलेला द्रव प्रसरण पावतो, हलका होतो व वर चढतो. त्याची जागा घेण्यास भोंवतालचा थंड द्रव धांवतो. आपल्या किनाऱ्यावर हाच खेळ हवेंत चालतो. दुपारीं समुद्रापेक्षां जमीन अधिक तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि भाट्याच्या व मांडवीच्या किनाऱ्यावर समुद्राकडून वारा येऊं लागतो. रात्रीं जमीन लवकर निवते व वारा उलट वाहतो.

या प्रवाहांची शास्त्रज्ञांना एवढी मातब्बरी कां वाटावी? रोगाची खूण पटविणारे रेणु प्रारंभीं रक्तांत अगदीं मोजके असतात. परीक्षा करणाऱ्या साधनापर्यंत ते पोंचले तरच रोग ओळखतां येणार. पण रेणु स्वभावतः दिशाहीन भटकत असतात. साधारण लहान रेणूला पाण्यांत १ मिलिमीटर दूर जाण्यास सुमारें ८ मिनिटें लागतात. अंतर दसपट झालें तर वेळ शंभरपट होतो, म्हणजे १ सेंटिमीटरला जवळजवळ १४ तास! एवढा वेळ थांबण्याची सवड रोग्याला नेहमींच असते असें नाहीं.

येथें लेसर उपयोगी पडतो. १९६० मध्यें अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं पहिला लेसर सिद्ध केला. हा किरण भिंगानें केसाच्या जाडीहूनहि बारीक ठिपक्यावर एकवटतां येतो. पाणी शोषून घेईल असा अवरक्त किरण योजला, तर तेवढाच ठिपका कांहीं अंशांनीं तापतो आणि ना पंप, ना नळी, अशा स्थितींत थेंबाच्या पोटांत प्रवाह सुरू होतो. जाळ एका बाजूस लावण्याचीच ही युक्ति. फक्त पातेल्याच्या जागीं थेंब आहे.

याला आणखी एका शक्तीची जोड मिळते. ज्या १८५६ सालीं रत्नागिरींत लोकमान्य टिळकांचा जन्म झाला, त्याच सालीं कार्ल लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें एक चमत्कार नमूद केला. क्षाराच्या द्रावणाचें एक टोंक तापवून दुसरें थंड ठेवलें असतां, क्षार थंड टोंकाकडे अधिक सांचतो. १८७९ मध्यें जिनीव्हाच्या शार्ल सोरे यांनीं याचा स्वतंत्रपणें अभ्यास केला. म्हणजे प्रवाह रेणूंना वाहून नेतो आणि उष्णता त्यांना थंडाव्याकडे लोटते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत डीटर ब्राउन व आल्बर्ट लिब्खाबर यांनीं २००२ मध्यें दाखविलें, कीं नुसत्या उष्णतेनें तापल्या जागेपासून दूर पळणारे डी. एन. ए. चे रेणु प्रवाहाची जोड मिळतांच उलट एका ठिकाणीं सांपडून राहतात. विखुरणारी शक्तीच अशी गोळा करणारी ठरली!

आपल्या महाराष्ट्रांतहि हें काम झालें आहे. पुण्यास पाषाण येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत जी. व्ही. पवनकुमार व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ मध्यें धातूचे अतिसूक्ष्म कण लेसरच्या साह्यानें धातूच्या पृष्ठभागावर एकत्र आणले. अशा कणांच्या फटींत सांपडलेल्या रेणूचा रामन प्रकाश कित्येक पटींनीं वाढतो. रामन यांनीं १९२८ मध्यें कलकत्त्यास शोधून काढलेल्या या प्रकाशावरून कोणता रेणु आहे हें ओळखतां येतें. पुण्याच्या प्रयोगांत ही ओळख एकेका रेणूपर्यंत पोंचली. पूर्वीं असे कण रसायन घालून गोठवीत आणि ते बहुधा पुन्हां सुटे होत नसत. येथें मात्र ते पुन्हां मोकळे करतां येतात. शिवाय कण जमविणें व रेणु ओळखणें हीं दोन्हीं कामें एकाच प्रकाशानें होतात.

मात्र येथेंहि जाळाचें तारतम्य हवें. पाक करपूं नये म्हणून गृहिणी जशी जपते, तसेंच शास्त्रज्ञासहि जपावें लागतें. कारण सजीवांतील नाजूक रेणु फार उष्णतेनें बिघडतात, आणि मग गोळा झालेलें निरुपयोगी होतें.

दोहोंत भेद इतकाच, कीं मळी टाकून देण्यासाठीं गोळा करावयाची आणि रेणु राखून ठेवण्यासाठीं. पुढच्या वैशाखांत पाक चुलीवर असेल तेव्हां घरांतील मुलांना हाताच्या अंतरावर उभें करून ती वाहती मळी अवश्य दाखवावी. पुस्तकांतील पुष्कळ पानें वाचून जें समजावयाचें, तें त्यांना त्या एका पातेल्यांत दिसेल.