विहिरीतील बुडी आणि श्वासाचे गणित

वैशाखात विहिरींना पाणी असले, की नगर जिल्ह्यातील मुलांना घरात थोपवून धरणे अवघड असते. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून पोहणे शिकायचे, मग सूर मारायचा आणि शेवटी बुडी मारून तळाची माती वर आणून दाखवायची, हा खेळ गावोगावच्या पिढ्यांनी खेळला आहे. सुट्टीत आजोळी गेलेली आपली शहरी नातवंडेही त्यात हौसेने सामील होतात. पाण्याखाली अधिक वेळ कोण राहतो, ही चुरस ओघाने येतेच. आणि तीच जिवावर बेतू शकते.

पाण्यात उतरण्यापूर्वी मुले भराभर दहा-वीस दीर्घ श्वास घेतात. त्यामुळे छातीत हवेचा साठा होतो, अशी त्यांची समजूत. वस्तुतः निरोगी माणसाच्या रक्तात प्राणवायू आधीच जवळजवळ पूर्ण भरलेला असतो. भराभर श्वासांनी त्यात नाममात्र भर पडते. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. ‘आता श्वास घे’ अशी सूचना मेंदूला मुख्यत्वे हाच वायू साचल्याने मिळते. तो आधीच कमी केला, तर सूचना उशिरा येते. तोवर प्राणवायू संपतो आणि पोहणारा काहीही त्रास न जाणवता बेशुद्ध होतो. काठावरच्यांना वाटते, गडी अजून टिकून आहे!

श्वास रोखण्याचा शास्त्रीय विचार महाराष्ट्रात जुना आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून यौगिक क्रियांचे प्रयोगशाळेतील निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुंभकाने शरीराला अधिक प्राणवायू मिळतो, ही लोकप्रिय कल्पना त्यांनी मान्य केली नाही. त्याच्याही कितीतरी आधी, बाराव्या शतकात, आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’च्या पाचव्या प्रकाशात प्राणायामाचे सविस्तर वर्णन केले, आणि सहाव्यात मात्र, प्राणायामाने पीडलेल्या मनाला स्वास्थ्य लाभत नाही, असे स्पष्ट सांगितले. एवढे विवेचन करून मग असा निर्वाळा देणे, ही बौद्धिक प्रामाणिकता मोठीच म्हटली पाहिजे.

आजच्या मुक्त पाणबुडीत, म्हणजे प्राणवायूची नळकांडी न वापरता केलेल्या बुडीत, एका जागी स्थिर राहून श्वास रोखण्याची स्वतंत्र स्पर्धा असते. फ्रान्सच्या स्तेफान मिफस्यूद यांनी २००९ मध्ये तीत ११ मिनिटे ३५ सेकंदांची नोंद केली. आधी शुद्ध प्राणवायू घेऊन केलेले विक्रम याहून पुष्कळ मोठे आहेत, पण तो प्रकारच वेगळा.

हे साधते कसे? सराव बहुतांशी कोरड्या जागी, पडून केला जातो. एका पद्धतीत श्वास रोखण्याचा काळ कायम ठेवतात, सामान्यतः स्वतःच्या कमाल वेळेच्या निम्मा, आणि मधली विश्रांती फेरीगणिक घटवत नेतात. कार्बन डायऑक्साइड सोसण्याची सवय होते. दुसऱ्या पद्धतीत विश्रांती तीच ठेवून रोखण्याचा काळ हळूहळू वाढवतात. दोन्ही एकाच दिवशी करत नाहीत. काही वेळाने श्वासपटल आपोआप उसळू लागते. त्या वेळी स्नायू ताणले, तर प्राणवायू अधिकच खर्ची पडतो. म्हणून खरे शिक्षण खांदे, जबडा, पोट सैल सोडण्याचे असते. चेहरा गार पाण्यात बुडाला, की हृदयाची गती मंदावते व हातापायांकडचा रक्तप्रवाह आखडतो. ही निसर्गाची मदत. हृदयविकार, अपस्मार वा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी यात पडू नये.

एकट्याने पाण्यात सराव करण्यास प्रशिक्षक सक्त मनाई करतात. साथीदार जवळ उभा राहून ठरलेल्या अंतराने खांद्याला स्पर्श करतो आणि पाण्यातला माणूस एक बोट उचलून उत्तर देतो. बोट हलले नाही, तर दुसऱ्यांदा स्पर्श. तरीही उत्तर नसेल, तर क्षणही न दवडता त्याला वर घेतात. वर आल्यावरही काही जण पहिल्या श्वासांनंतर शुद्ध हरपतात, त्यामुळे पुढचा अर्धा मिनिट साथीदार त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढत नाही.