किल्लारीची वेलांटी कोठे गेली?

लातूरला आमच्या गल्लीतील नववीतल्या एका मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपावर तक्ता तयार केला. मजकूर तिने मोबाइलवर टाइप करून फ्लेक्सच्या दुकानात पाठविला. आदल्या संध्याकाळी फ्लेक्स हाती आला, तो पाहते तर काय! मथळ्यातल्या ‘किल्लारी’ची वेलांटी क ला सोडून ल च्या गळ्यात पडलेली, जोडाक्षर फुटलेले आणि मध्येच एक पायमोडका ल उभा. “काका, मी तर बरोबरच टाइप केलं होतं,” ती रडवेली होऊन म्हणाली. मोबाइल पाहिला. तिचे म्हणणे खरे होते. मग वेलांटी हलविली कोणी?

विद्यार्थी मित्रांनो, याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे जुन्या छापखान्यात जाऊ. तेथे शिसे, कथील व अँटिमनी यांच्या मिश्रधातूचे खिळे असत. जुळारी खणांतून एकेक खिळा उचलून शब्द जुळवी. डोळ्यांना दिसते त्याच क्रमाने तो खिळे लावी. म्हणजे ‘कि’साठी आधी वेलांटी, मग क. जोडाक्षरांचे खिळे निराळे, त्यामुळे देवनागरीला शेकडो खिळे लागत. संगणकावरचे सुरुवातीचे मराठी फाँटही याच रीतीचे होते. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. तोच फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठी परिच्छेदाच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसे. अनेक शिक्षकांनी आपल्या प्रश्नपत्रिकांची ही दशा पाहिली असेल.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तिच्यात अक्षराच्या तुकड्याला नव्हे, तर मूळ चिन्हाला क्रमांक असतो. क चा क्रमांक २३२५, ऱ्हस्व वेलांटीचा २३६७, ल चा २३५४. आणि चिन्हे साठविली जातात ती उच्चाराच्या क्रमाने. ‘किल्लारी’ म्हणजे क, वेलांटी, ल, पायमोड, ल, काना, र, दुसरी वेलांटी अशी आठ चिन्हे. वेलांटी क च्या अलीकडे नेणे आणि दोन ल जोडणे हे काम नंतरचे. ते सॉफ्टवेअरमधला अदृश्य जुळारी करतो. ‘आर्थिक’ हा शब्द घ्या. साठवणीत आ, र, पायमोड, थ, वेलांटी, क असा क्रम आहे. जुळाऱ्याने र ला रफार करून थ च्या डोक्यावर बसवायचे आणि वेलांटी उचलून थ च्या आधी आणायची. एक उजवीकडे जातो, दुसरी डावीकडे येते!

आता उलगडा होईल. चित्रांकनाच्या काही सॉफ्टवेअरमध्ये दोन जुळारी असतात. एकाला रोमन लिपीच येते. तो चिन्हे आली तशी ओळीने मांडतो. दुसऱ्याला भारतीय लिप्यांचे नियम ठाऊक असतात. अडोबीच्या इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पटलात ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ नावाचा पर्याय आहे, तोच हा दुसरा. जेथे अशी सोयच नाही, तेथे मजकूर बरोबर दाखविणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ करून आणावी.

आमच्या फ्लेक्सवर आणखी एक दोष होता. शिरोरेषा जागोजागी तुटली होती. अक्षरांमधील अंतर वाढविण्याच्या सोयीला ट्रॅकिंग म्हणतात व ते अक्षराच्या मापाच्या हजाराव्या भागांत मोजतात. मथळ्याचे माप ४ इंच, म्हणजे २८८ पॉइंट (७२ पॉइंटांचा १ इंच). ट्रॅकिंग ५० ठेवले तर प्रत्येक अक्षरापुढे २८८ × ५० ÷ १००० = १४.४ पॉइंट, म्हणजे सुमारे ५ मिलिमीटर जास्तीची जागा पडते. रोमन अक्षरे मुळात सुटी असल्याने त्यांना ती शोभते. देवनागरी अक्षरे एकाच दांडीला लटकलेली. दांडीच तुटली तर शब्द राहील कसा? येथे ट्रॅकिंग शून्यच बरे. ओळींमधले अंतर मात्र रोमनपेक्षा सैल हवे, नाही तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना अडकतात. या अंतराला ‘लीडिंग’ म्हणतात. ते नाव ओळींमध्ये घालायच्या शिशाच्या पट्ट्यांवरून आले.

एक चूक मात्र मुलीचीच निघाली. तिने ‘बालाघाटच्या दर्या’ असे लिहिले होते. साध्या र ला पायमोड देऊन य लिहिला की रफार होतो, आणि दर्या म्हणजे समुद्र. दऱ्यांसाठी नुक्त्याचा ऱ (क्रमांक २३५३) घ्यावा लागतो. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे समुद्र कुठला!

रात्री नऊला दुकानदाराने कंपोझर बदलला. आठही क्रमांक होते तेच राहिले आणि वेलांटी क च्या अलीकडे येऊन उभी राहिली. नवा फ्लेक्स वेळेत लागला. सकाळी मी तो न्याहाळत असता ती म्हणाली, “काका, हा ल आपल्या पुस्तकातल्यासारखा नाही.” राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल व देठाचा श ठरविला आहे. फाँटात सोय असेल तर मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडताच ही रूपे येतात. आमची भाषा ‘हिंदी’वर राहिली होती. हे तिला दिसले, मला नाही.