एका टिंबाचे अंतर : अरबी लिपी आणि इतर भाषांचे ध्वनी

मंडळी, मागच्या वेळी आपण शब्द आणि अर्थ यांच्या नात्याबद्दल बोललो. आज शब्दाच्याही खाली, अक्षरापाशी उतरू. एका भाषेसाठी घडलेली लिपी दुसऱ्या भाषेचे ध्वनी लिहायला घेतली, की नेमके काय होते?

आपल्या ओळखीचे दोन शब्द घेऊ : पारशी आणि फारसी. एक समाज, एक भाषा. दोन्हींचे मूळ एकच, इराणमधला पार्स प्रांत. मग ‘प’चा ‘फ’ कुठे झाला? अरबांच्या तोंडी. अरबीत ‘प’ नाही, त्यामुळे तिच्या 28 अक्षरांत त्याला जागाही नाही. इराणी लोकांनी ही लिपी घेतली तेव्हा ‘प’, ‘च’, ‘ग’ आणि इंग्रज माणूस ‘टेलिव्हिजन’मध्ये काढतो तो ‘झ’, अशा चार ध्वनींची अडचण झाली. त्यांनी नवे आकार शोधले नाहीत. ‘बे’ या अक्षराखाली एक टिंब असते, तिथे तीन दिली आणि ‘पे’ झाले. ‘जीम’चे एक टिंब तीन केले, ‘चे’ झाले. ‘झे’ही तसेच झाले. ‘काफ’वर एक जादा तिरकी रेघ ओढली, ‘गाफ’ मिळाले. अक्षरे झाली 32.

आता गंमत बघा. ही युक्ती मुळात अरबीचीच. जुन्या अरबी लेखनात टिंबे क्वचितच देत. ‘बे’, ‘ते’, ‘से’ यांचा सांगाडा एकच, संदर्भाने वाचायचे. पुढे वाचनात घोटाळा नको म्हणून टिंबे पक्की झाली. म्हणजे इराण्यांनी लिपी मोडली नाही, तिचाच नियम पुढे नेला.

हा नियम किती ताणता येतो, ते सिंधीत दिसते. सिंधीत श्वास आत ओढून काढायचे चार ध्वनी आहेत. त्यातला एक ‘ब’सारखा. साधा ‘ब’ घेऊन ‘बार’ म्हटले तर ओझे. आत ओढलेला ‘ब’ घेतला तर मूल. हा भेद लिहायलाच हवा! म्हणून सिंधीत त्याच सांगाड्याखाली एक टिंब दिले की ‘ब’, उभी दोन दिली की आत ओढलेला ‘ब’, तीन दिली की ‘प’, चार दिली की ‘भ’. अशी एकूण 52 अक्षरे. उर्दूने वेगळी वाट धरली. ‘ट’, ‘ड’, ‘ड़’साठी अक्षरावर बारीक ‘तोय’ काढला, आणि ‘भ’साठी ‘ब’ला दोन डोळ्यांचा ‘हे’ जोडला. आपणही ‘म्ह’ जोडूनच लिहितो की.

यावर कोणी म्हणेल, आपली देवनागरी बरी, जसे बोलतो तसे लिहितो. खरेच? ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे दोन ‘ज’ आपण वेगळे उच्चारतो आणि एकच लिहितो. उलट फारसी-उर्दूत ‘स’ची तीन अक्षरे आहेत, उच्चार एकच. अरबीतून आलेल्या शब्दांची ओळख राहावी म्हणून ती टिकली. म्हणजे कोणते भेद कागदावर राखायचे आणि कोणते वाचणाऱ्यावर सोडायचे, हा समाजाचा निवाडा असतो. ध्वनी तो निवाडा करत नाही.

आणि निवाडा आला की सत्ता आली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथले हिंदू व्यापारी, आपल्याकडे मोडी चालत असे तशा, आपापल्या लिप्यांत हिशेब लिहीत. कॅप्टन जॉर्ज स्टॅक या इंग्रज अधिकाऱ्याने सिंधीचे व्याकरण देवनागरीत मांडले होते. सरकारने मात्र अरबी वळण निवडले आणि 1853 मध्ये वर्णमाला ठरवली. पुढे सुमारे शंभर वर्षे हिंदू-मुसलमान दोघेही तीच शिकले, तिच्यात लिहू लागले.

मग फाळणी झाली. सिंधी निर्वासित उल्हासनगरला, पुण्यात, मुंबईत आले. भारतात सिंधीसाठी दोन्ही लिप्या चालू राहिल्या. देवनागरीलाही ते चार ध्वनी लिहायला ग, ज, ड, ब यांच्याखाली रेघ द्यावी लागली. म्हणजे ध्वनींच्या बाबतीत दोन्ही लिप्या सारख्याच सक्षम, आणि दोघींनाही ठिगळ लागले. तरी वाद पेटला, कारण प्रश्न ध्वनींचा नव्हताच. देवनागरी घेतली तर मुलांना शिकणे सोपे, पण आजोबांची पत्रे आणि कपाटातली पुस्तके त्यांच्यासाठी मुकी. अरबी वळण ठेवले तर वारसा हाती राहतो, पण मराठी-हिंदी शाळेत जाणाऱ्या मुलावर आणखी एका लिपीचा भार.

तेव्हा ‘ही लिपी या भाषेला शोभत नाही’ असे कोणी म्हणाले, तर आपण घाईने मान डोलवू नये. शोभवून घेता येते. चार टिंबांचे काम आहे. विचारायचे ते हे, की लिपी बदलल्यावर कोणाचे लिहिलेले कोणाला वाचता येणार नाही. सिंधीपुरते तरी याचे उत्तर अनेक घरांत आजही मिळालेले नाही.