यकृत कर्क : शस्त्रक्रिया व पुनरुद्‌भव

यकृताच्या कोशिकांपासून उद्‌भवलेल्या प्राथमिक कर्काची गाठ सामान्यतः ३ सेंमी.पेक्षा मोठी नसल्यास तिला लहान यकृत कर्क म्हणतात. काही वर्गीकरणांत ही मर्यादा २ सेंमी. आहे. बहुतेक रुग्णांत ब किंवा क प्रकारच्या यकृतशोथामुळे अथवा अतिमद्यपानामुळे यकृताचे सूत्रण आधीच झालेले असते. लहान गाठीची लक्षणे सहसा जाणवत नाहीत. म्हणून सूत्रण रोग्यांची दर सहा महिन्यांनी श्राव्यातीत ध्वनिपरीक्षा करतात.

फ्रेंच शस्त्रक्रियातज्ञ क्लोद क्विनो यांनी १९५७ मध्ये रक्तवाहिन्यांच्या शाखांनुसार यकृताचे आठ खंड दाखविले. त्यामुळे गाठ असलेला खंडच तेवढा काढणे शक्य झाले. निरोगी यकृताचा सु. एक चतुर्थांश भाग उरला, तरी त्याचे कार्य चालते व यकृत पुन्हा वाढते. सूत्रण झालेल्या यकृताचा मात्र सु. ४०% भाग राखावा लागतो.

गाठ पूर्णपणे काढली, तरी पाच वर्षांत सु. ७०% रुग्णांत कर्क पुन्हा उद्‌भवतो. लहान गाठींत हे प्रमाण काहीसे कमी असले, तरी धोका टळत नाही. पहिल्या दोन वर्षांतील पुनरुद्‌भव बहुधा प्रवेशिका नीलेच्या शाखांतून पसरलेल्या मूळ कर्ककोशिकांमुळे होतो. त्यानंतरचा पुष्कळदा रोगट यकृतात नव्याने निर्माण झालेला कर्क असतो. संपूर्ण खंड काढल्याने पहिला धोका कमी होऊ शकतो; दुसऱ्याचे मूळ उरलेल्या यकृतातच असते.

यकृताच्या प्रतिरोपणाने कर्क व रोगट यकृत दोन्ही दूर होतात. मिलान येथील व्हिन्चेन्झो मात्साफेर्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये त्यासाठी निकष मांडले : ५ सेंमी.पर्यंतची एक अथवा प्रत्येकी ३ सेंमी.पर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी आणि मोठ्या रक्तवाहिन्यांत कर्काचा शिरकाव नसणे. त्यांच्या रुग्णांपैकी ७५% चार वर्षांनंतर हयात होते. तथापि दात्यांच्या कमतरतेमुळे हा उपचार सर्वांना उपलब्ध होत नाही. गाठ २ सेंमी.पर्यंत असल्यास सुईवाटे उष्णता देऊन ती नष्ट करण्याचाही पर्याय असतो.

शस्त्रक्रियेनंतर पहिली दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी व पुढे दीर्घकाळ तपासणी आवश्यक असते. पुनरुद्‌भव लवकर आढळल्यास पुन्हा उच्छेदन, उष्णतोपचार किंवा प्रतिरोपण करता येते. ब प्रकारच्या यकृतशोथात व्हायरसरोधक औषधांनी पुनरुद्‌भवाचे प्रमाण घटते.