घंटावेल : रिकाम्या कुंडीची परीक्षा

मंदिरातील घंटेप्रमाणे अधोमुख लोंबणारे हे फूल दुरून साधे, फिकट निळे दिसते. बोटाने अलगद वर उचलून आत पाहिले, की नारिंगी आणि गडद जांभळ्या वलयांची नक्षी प्रकट होते. मध्य आशियापासून काश्मीरपर्यंतच्या पर्वतांत आढळणाऱ्या ‘कोडोनॉप्सिस क्लेमॅटिडिया’ या वनस्पतीचे हे वैभव. ‘घंटा’ आणि ‘रूप’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ‘कोडोनॉप्सिस’ हे नाव सिद्ध झाले आहे.

या वंशातील अनेक जाती आधाराला वेटोळे घालत चढतात. ‘रोटुंडिफोलिया’ ही हिमालयातील वेल हिरवट पिवळ्या फुलांवर जांभळ्या शिरांचे जाळे मिरवते. चीन आणि कोरियात या वंशातील काही जातींची मुळे औषधासाठी वा आहारासाठी खणली जातात. ज्याला केवळ फुलांचा आनंद हवा, त्याला मात्र डोंगरातील रोप उपटण्याचे कारण नाही. चिमूटभर बी पुरेसे आहे.

बी अत्यंत बारीक असते. थंडी ओसरू लागताच पाण्याचा उत्तम निचरा होणाऱ्या चाळलेल्या मातीवर ते विरळ भुरभुरावे. त्यावर मातीचा थर देऊ नये. उगवण्यासाठी त्याला प्रकाश लागतो. वरून पाणी घातल्यास बी वाहून जाते. म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून माती खालून ओली होऊ द्यावी. 15 ते 20 अंश सेल्सिअस तापमानात काही आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात.

खरी कसोटी पुढेच असते. कोवळे देठ दोऱ्याहून नाजूक असतात आणि ते एकमेकांभोवती गुंफत जातात. ती गुंतागुंत सोडवण्याचा मोह आवरावा. बारीक काटक्यांचा आधार द्यावा आणि पहिले वर्ष रोपे एकत्रच वाढू द्यावीत. गोगलगायींना हे कोंब फार आवडतात. कुंडी उंच मांडणीवर ठेवून रोज पाहणी केली, तर त्यांना इजा न करता दूर सोडता येते.

शरद ऋतूत पाने पिवळी पडून गळतात, देठ वाळतो आणि कुंडी रिकामी दिसते. अनेक वेलींचा अंत याच वेळी होतो, आणि तो रोगाने नव्हे, तर माळ्याच्या हाताने. ‘मेली’ असे समजून माती फेकून दिली जाते. वस्तुतः पहिल्या वर्षी वेलीने केवळ मुद्दल जमवलेले असते आणि ते मातीखालच्या मांसल मुळात सुरक्षित असते. कुंडीवर नाव व तारीख लिहून ती जवळजवळ कोरडी, पण गोठणार नाही अशा जागी ठेवावी. वसंताच्या प्रारंभी, कोंब फुटण्यापूर्वी, मुळे हलक्या हाताने वेगळी करून लावावीत. साधारणतः दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षी पहिली घंटा लोंबते.

याच कुळातील कॅनरी बेटांवरची ‘कॅनारिना’ नेमके उलटे वेळापत्रक पाळते. ती उन्हाळ्यात झोपते, शरदातील पावसाने जागी होते आणि हिवाळ्यात नारिंगी फुले देते. लिनियसने 1753 मध्ये तिची गणना ‘कॅम्पॅन्युला’ वंशात केली होती. तिच्या निद्रेच्या काळात नियमाने पाणी घालणारा माळी प्रेमापोटीच तिचे मूळ कुजवतो.

हिमालयीन घंटावेलींना आपल्या मैदानी भागातील वैशाखाचा दाह मानवत नाही. थंड प्रदेशात स्थिरावलेल्या कुटुंबांनीच हा प्रयोग करावा. सह्याद्रीच्या परिसरात राहणाऱ्यांनी निराश होऊ नये. महाबळेश्वरच्या वाटेवर हिवाळ्यात उंच तुऱ्यांनी फुलणारी देवनळ याच विस्तृत कुळातील आहे. ती वेल नव्हे, पण तिचे बीही असेच धुळीसारखे बारीक असते.

उगवलेल्या रोपाची काळजी कोणीही घेतो. ज्या कुंडीत काहीच दिसत नाही, तिच्यावरही विश्वास ठेवणाऱ्याच्याच अंगणात घंटावेल फुलते.